आपल्याच जागेत गाडी आणि काचेवर १०० पौंडांची नोटीस: भरावी की लढावी?

रेडिंगकर

नमस्कार. आम्ही २०१७ सालापासून रेडिंगमध्ये एका तीन मजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. फ्लॅट लीजवर, म्हणजे १२५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेला आहे आणि त्याच्याबरोबर मागच्या आवारातली १४ क्रमांकाची पार्किंगची जागाही आम्हाला मिळालेली आहे. खरेदीच्या वेळी वकिलाने दाखवलेल्या आराखड्यात ती जागा निळ्या रेषेने आखलेली होती, एवढे मला पक्के आठवते. पहिली काही वर्षे तिथे ना फलक होता ना परमिट. गेल्या वर्षी मॅनेजिंग एजंटने, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, बाहेरच्या गाड्यांना आळा घालण्यासाठी म्हणून एका खासगी पार्किंग कंपनीला नेमले, प्रत्येक फ्लॅटला एक कागदी परमिट पोस्टाने पाठवले आणि भिंतीवर पिवळे फलक लावले. तेव्हा मलाही ते बरेच वाटले होते, कारण रेल्वे स्टेशन जवळ असल्यामुळे लंडनला जाणारे लोक सकाळी आमच्या आवारात गाड्या टाकून खुशाल निघून जात.

मागच्या मंगळवारी मी रात्री उशिरा येऊन नेहमीप्रमाणे १४ क्रमांकात गाडी लावली. परमिट डॅशबोर्डवरच होते, पण बहुधा दार आपटल्यावर ते घसरले आणि गिअरच्या बाजूच्या फटीत उभे जाऊन अडकले. सकाळी साताऱ्याहून आलेले माझे वडील फिरायला बाहेर पडले आणि वायपरखाली खोचलेले प्लास्टिकचे पाकीट हातात घेऊनच परत आले. आत ‘पार्किंग चार्ज नोटीस’ होती: १०० पौंड, आणि १४ दिवसांत भरल्यास ६०. कारण दिले होते, ‘वैध परमिट दर्शनी भागात नाही’. बाबांना मी ते वाचून दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले की आपल्या अंगणात आपण खाट टाकली म्हणून कोणी भाडे मागायला आल्यासारखे हे झाले.

मॅनेजिंग एजंटला मी ईमेल केला आणि सोबत परमिटचा फोटोही जोडला. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले की नोटीस कंपनीने दिलेली आहे, आमचा त्यात हस्तक्षेप नसतो, आपण कंपनीकडेच अपील करावे. आता माझ्यासमोर प्रश्न असा आहे की ६० पौंड भरून विषय संपवावा, की तक्रार करावी? लढायचे ठरवले तर पुढे कोर्ट, पतनोंद आणि व्हिसा यांवर काही परिणाम होतो का? आमच्या स्थायी निवासाचा अर्ज लवकरच करायचा आहे, म्हणून पत्नीला त्याची विशेष काळजी वाटते.

थेम्सकाठ

मी स्पष्टच सांगतो, ६० पौंड भरा आणि झोपा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. माझ्याकडे अशा दोन नोटिसा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी त्याच दिवशी पैसे भरले. पत्रव्यवहारात जे वीस-पंचवीस तास गेले असते, त्यांची किंमत त्याहून कितीतरी जास्त झाली असती. चूक कोणाची हा प्रश्न वेगळा आहे, आणि आपला वेळ कशात घालवायचा हा वेगळा.

दक्षिण लंडन

रेडिंगकर, सर्वांत आधी आपल्या प्रश्नातले ‘मी गाडी लावली’ हे शब्द काढून टाका. का, ते खाली येईलच.

थेम्सकाठ यांच्या सल्ल्यात व्यवहार आहे हे मी नाकारत नाही, परंतु आपल्या प्रकरणात पैसे भरण्याआधी एक काम करणे आवश्यक आहे आणि ते म्हणजे स्वतःची लीज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे. सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. फलकावर काय लिहिले आहे, परमिट दिसत होते की नाही, अंधार होता की उजेड, हे सगळे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

हाती आलेला कागद नेमका कोणता आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. नगरपालिका देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, म्हणजे कायद्याने लावलेला दंड. आपल्याला मिळाली आहे ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोघींचे लघुरूप पीसीएन असेच होते आणि हा सारखेपणा कंपन्यांच्या पथ्यावर पडतो. खासगी कंपनीला दंड करण्याचा अधिकारच नाही. तिचे म्हणणे एवढेच असते की फलक म्हणजे आमचा प्रस्ताव, गाडी उभी करणे म्हणजे तुमची स्वीकृती, असा आपल्यात करार झाला आणि तो तुम्ही मोडलात, म्हणून १०० पौंड द्या. हे फौजदारी प्रकरण नाही, साधा दिवाणी दावा आहे. व्हिसाच्या चिंतेकडे मी शेवटी येतो.

आता कराराचा हा युक्तिवाद घरच्या जागेला लावून पाहा. ज्या जागेत गाडी उभी करण्याचा हक्क लीजने आपल्याला आधीच दिलेला आहे, त्या जागेत उभे राहण्याची ‘परवानगी’ कंपनी आपल्याला काय म्हणून देणार? जे आपलेच आहे ते आपल्याला देऊ करून त्याच्या बदल्यात अटी घालता येत नाहीत. लीज हा फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक, आणि आपण यांच्यातला करार आहे. मॅनेजिंग एजंटने भिंतीवर फलक लावल्याने किंवा परमिटसोबत पत्र पाठवल्याने तो बदलत नाही. इमारतीतल्या सगळ्या लीज एकदम बदलायच्या असतील तर १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि आठाहून अधिक फ्लॅट असतील तर त्यासाठी किमान ७५ टक्के पक्षकारांची संमती लागते व विरोध १० टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. आपल्याकडे असे काही मतदान झाले होते का, हे एजंटला लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी झालेले नसते.

कंपनी आपल्या उत्तरात एका निकालाचा हवाला हमखास देईल, तो म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१५ मधला ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ हा निकाल. ते प्रकरण चेम्सफर्डच्या एका खरेदी संकुलाच्या वाहनतळाचे होते. तिथे दोन तास पार्किंग मोफत होते, गाडी ५६ मिनिटे जास्त राहिली आणि ८५ पौंडांचे शुल्क न्यायालयाने वैध ठरवले. कारण असे दिले की गाड्यांची ये-जा चालू राहून सगळ्या गिऱ्हाइकांना जागा मिळावी यात जागामालकाचे रास्त हित आहे. पुष्कळ लोक हे नाव वाचूनच घाबरून पैसे भरतात. पण आपल्या १४ क्रमांकाच्या जागेत कोणाची ये-जा चालू राहायची आहे? ती जागा आपल्याशिवाय कोणासाठीच नाही. नेमका हा फरक ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात २०१६ साली ‘जॉप्सन विरुद्ध होमगार्ड’ या अपिलात दाखवला गेला. तिथल्या रहिवाशाने सामान उतरवण्यासाठी इमारतीच्या दाराशी थोडा वेळ गाडी थांबवली होती. न्यायाधीशांनी म्हटले की सामान उतरवायला थांबणे म्हणजे पार्किंग नव्हे, रहिवाशांच्या लीजमधले हक्क नंतर लावलेल्या फलकाने हिरावून घेता येत नाहीत आणि बीव्हिस प्रकरण इथे लागू होत नाही. काउंटी न्यायालयाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो हे खरे, पण तो अपिलात दिलेला निकाल असल्यामुळे त्याला वजन आहे.

आता ‘मी गाडी लावली’ याबद्दल. शुल्काची जबाबदारी मुळात चालकाची असते. चालक कोण हे कंपनीला ठाऊक नसते. डीव्हीएलए या सरकारी वाहन नोंदणी खात्याकडून तिला फक्त नोंदणीकृत कीपरचे, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचे, नाव मिळते. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार ती कीपरकडून वसुली करू शकते, पण त्यासाठी काटेकोर मुदती आणि ठरावीक मजकूर पाळावा लागतो. काचेवर नोटीस लावली असेल तर कीपरला जाणारे पत्र त्यानंतर २९ व्या ते ५६ व्या दिवसाच्या दरम्यान पोचावे लागते. काचेवर काहीच न लावता फक्त कॅमेऱ्याने टिपले असेल तर १४ दिवसांत. कंपन्या या मुदती चुकवतात किंवा मजकुरात गफलत करतात आणि मग चालकाचे नाव त्यांच्या हाती नसेल तर कीपरवर जबाबदारी टाकता येत नाही. खासगी कंपनीला चालकाचे नाव सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. खोटे मात्र मुळीच लिहू नये, आणि न्यायालयात विचारले तर खरे सांगावे. न विचारता आपण होऊन सांगू नये, एवढेच मी म्हणतो.

पुढचा क्रम असा असतो. कंपनीकडे २८ दिवसांत अपील करायचे आणि ते बहुधा फेटाळले जाते. नंतर कंपनी ज्या व्यापारी संघटनेची सदस्य असेल तिच्यानुसार पोप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे दुसरे अपील करायचे. त्यानंतर वसुली संस्थांची पत्रे येऊ लागतात, लाल अक्षरांत, रक्कम १७० पौंड करून. या संस्था बेलिफ, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने जप्ती करणारे अधिकारी, नाहीत. त्यांना दारात येऊन वस्तू उचलण्याचा कोणताही अधिकार नाही आणि त्यांच्या पत्रांना उत्तर देण्याचीही गरज नाही. परंतु दोन कागद असे आहेत की ते दुर्लक्षित केले तर आपली बाजू कितीही खरी असली तरी आपण हरतो. एक, दाव्यापूर्वीचे पत्र, ज्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. दोन, नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयीन केंद्रातून येणारा दाव्याचा फॉर्म. तो आल्यावर वेळेत पोच नोंदवली की लेखी बचावासाठी फॉर्मच्या तारखेपासून साधारण ३३ दिवस मिळतात. लोक कोर्टात हरतात त्यापेक्षा जास्त या कागदाला उत्तर न दिल्यामुळे एकतर्फी हरतात. घर बदललेल्या माणसाचे समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि वर्षभराने घरकर्जाच्या वेळी त्याला कळते की आपल्या नावावर निवाडा आहे, असेही होते.

पतनोंदीवर परिणाम होतो तो फक्त न्यायालयाचा निवाडा विरुद्ध गेला आणि तरीही महिनाभरात पैसे भरले नाहीत तर. भरले तर नोंद पुसली जाते, नाहीतर ती सहा वर्षे राहते. दावा चालू असणे किंवा लढून हरणे यामुळे आपोआप काहीही बिघडत नाही. स्थायी निवासाच्या अर्जाबद्दल मी इमिग्रेशनचा जाणकार नाही, पण ही फौजदारी शिक्षा नव्हे हे निश्चित. न फेडलेला दिवाणी निवाडा मात्र अर्जाच्या वेळी नावावर असू देऊ नका.

माझ्या स्वतःच्या प्रकरणात, २०१९ साली, मी बचावासोबत लीजची तीन पाने आणि आराखडा जोडला होता. सुनावणीचे शुल्क भरण्याची मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात कंपनीने दावा मागे घेतला. त्या आठवड्यापर्यंत मला झोप नीट लागत नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

मिल्टन कीन्सहून

वरचे सगळे वाचून कोणी ‘लीज आहे, म्हणजे आपण जिंकलोच’ असे समजू नये, म्हणून आमचा अनुभव लिहिते. आमचा फ्लॅट नव्या वसाहतीत होता. आम्हीही असेच छाती पुढे काढून बचाव दिला आणि सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी आमच्याच लीजमधले एक उपकलम आम्हाला वाचून दाखवले. पार्किंगचा हक्क दिला होता, पण तो ‘व्यवस्थापन कंपनी वेळोवेळी करील त्या वाजवी नियमांच्या अधीन’ असा दिला होता. ते वाक्य ३१ व्या पानावर, कचऱ्याचे डबे आणि बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या नियमांच्या मध्ये होते. आम्ही फक्त आराखडा आणि हक्काचे कलम वाचले होते.

न्यायाधीशांचे मत असे पडले की परमिट लावायला सांगणे हा वाजवी नियम आहे आणि आम्ही तो पाळला नाही. वसुलीच्या नावाखाली जोडलेले ७० पौंड मात्र त्यांनी उडवले. शेवटी १०० पौंड, दाव्याचे शुल्क ३५, सुनावणीचे २७ आणि वकिलाचे ठरावीक ५० असे २१२ पौंड आम्ही त्याच आठवड्यात भरले. लहान दाव्यांत हरणाऱ्यावर सहसा समोरच्याच्या वकिलाचे सगळे बिल पडत नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर महिनाभराची घालमेल वाचली असती. हरलो तरी घर विकावे लागत नाही, पण ६० चे २१२ झाले हेही तितकेच खरे.

तेव्हा रेडिंगकर, ‘नियम’, ‘अधीन’, ‘वेळोवेळी’ असे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने खूण करा.

दक्षिण लंडन

मिल्टन कीन्सहून लिहिणाऱ्या ताईंनी अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे आणि मी ते लिहायला हवे होते. त्यात एवढीच भर घालतो की नियम करण्याचा अधिकार असणे आणि तिसऱ्याच कंपनीला १०० पौंड वसूल करण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी एक नाहीत, असाही युक्तिवाद करता येतो. काही न्यायाधीश तो मानतात, काही मानत नाहीत.

हाउन्स्लोचा भाडेकरू

आम्ही घरमालकाकडून वर्षाच्या करारावर राहतो, त्यामुळे लीज आमच्याकडे नाही. आमच्या करारात ‘एका पार्किंगसह’ एवढेच शब्द आहेत. गेल्या महिन्यात आमच्याही गाडीवर नोटीस आली. आम्हाला यातले काही लागू होते का?

दक्षिण लंडन

लागू होते. घरमालकाला लीजमधून जो हक्क मिळाला, तोच त्याने आपल्याला ‘एका पार्किंगसह’ या शब्दांत पुढे दिला. त्याच्याकडे लीजची प्रत मागा. तो टाळाटाळ करत असेल तर लँड रजिस्ट्रीकडून थोड्याशा शुल्कात ती मिळू शकते. आपला करार आणि त्याची लीज, दोन्ही जोडावे लागतील. घरमालकालाच एजंटकडे तक्रार करायला लावले तर उत्तम, कारण सेवाशुल्क तो भरतो आणि एजंट त्याचे ऐकण्याची शक्यता आपल्यापेक्षा जास्त असते.

ग्लासगोकर

एक छोटी पुरवणी. वर सांगितलेला २०१२ च्या कायद्यातला कीपरच्या जबाबदारीचा भाग फक्त इंग्लंड आणि वेल्सला लागू आहे, स्कॉटलंडला नाही. त्यामुळे इकडच्या मंडळींनी २९ आणि ५६ दिवसांचे गणित मांडत बसू नये. खासगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणे इकडे १९९२ च्या निकालाने बंद झाले, इंग्लंडमध्ये त्यासाठी २०१२ उजाडावे लागले.

रेडिंगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस मी लीज वाचली. एकूण ४६ पाने आहेत, आणि बाबा शेजारी बसून दर दहा मिनिटांनी ‘सापडले का?’ असे विचारत होते. आपण सांगितल्याप्रमाणे पेन्सिल घेऊनच बसलो होतो.

पार्किंगचे कलम असे आहे: आराखड्यावर निळ्या रेषेने दाखवलेल्या जागेत एक खासगी मोटार उभी करण्याचा अनन्य हक्क. त्याच्यापुढे पूर्णविराम आहे. परमिटचा किंवा शुल्काचा उल्लेख कुठेही नाही. नियमांचे कलम आहे, परंतु ते ‘सामायिक भागांच्या वापराबाबत’ असे आहे, आणि व्याख्यांच्या पानावर सामायिक भागांतून पार्किंगच्या जागा स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. हे वाक्य मी तीन वेळा वाचले आणि पत्नीकडूनही वाचून घेतले.

एजंटला आता दुसरे पत्र लिहिले आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: लीज बदलण्यासाठी कधी मतदान झाले असल्यास त्याचा पुरावा, पार्किंग कंपनीशी झालेल्या कराराची प्रत, आणि कंपनीला नेमणारे तेच असल्यामुळे ही नोटीस रद्द करण्याची सूचना त्यांनी चौदा दिवसांत द्यावी. शेजारच्या ११ आणि १६ क्रमांकाच्या लोकांनाही अशा नोटिसा आल्या होत्या असे काल जिन्यात कळले. दोघांनीही निमूटपणे ६० पौंड भरले होते. ११ क्रमांकाच्या आजी तर ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांची गाडी त्यांच्याच जागेत होती. त्यांची सही घेऊन एजंटला एकत्र पत्र द्यावे असा विचार आहे. कंपनीच्या अपिलाचा मसुदाही तयार केला आहे, तो असा सुरू होतो: ‘मी १४ क्रमांकाच्या जागेचा लीजधारक असून त्या रात्री मी माझ्या हक्काच्या जागेत गाडी लावली होती…’ हे ठीक वाटते का?

दक्षिण लंडन

कलम उत्तम आहे, आणि सामायिक भागांची व्याख्या तर त्याहून उत्तम. आजींची सही जरूर घ्या. मसुद्यात मात्र पुन्हा तेच झाले. ‘मी गाडी लावली’ खोडा आणि तिथे ‘गाडी उभी होती’ असे लिहा. मराठीत आपण ‘दूध उतू गेले’ असे सहज म्हणून जातो, कोणी गॅसवर ठेवले होते ते सांगत नाही. इंग्रजीतही तसेच लिहिता येते. खाली सही ‘नोंदणीकृत कीपर’ म्हणून करा.

रेडिंगकर

बदलले. उद्या पाठवतो आणि पाठवल्याचा पुरावा घेऊन ठेवतो. परमिट आता चिकटपट्टीने काचेलाच लावले आहे.